‘मसायाह’चे २४ दिवस : एका प्रसिद्ध आकड्याची उलटतपासणी

संगीत संयोजन करणाऱ्या माणसाला ‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न चुकत नाही. विचारणारा निर्माता असो, नाटकवाला असो की हौशी गायक, उत्तर त्याने बहुधा मनात आधीच ठरवलेले असते. त्यातून तो थोडाफार वाचणारा असला, तर अठराव्या शतकातल्या हँडेल या संगीतकाराचा दाखला हमखास येतो. सव्वादोन तासांहून मोठे ‘मसायाह’ हे ऑरेटोरिओ (गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांनी अभिनयाविना सादर करायची धार्मिक विषयावरची कृती) हँडेलने २४ दिवसांत हातावेगळे केले, तेही वाद्यमेळासकट; मग तुमच्या पाच मिनिटांच्या गाण्याला पंधरवडा कशाला हवा?

‘अहो, तो हँडेल होता’ असे म्हणून सुटता येते, पण हे उत्तर आळशी आहे. जॉर्ज फ्रिडरिक हँडेल मोठा होताच, त्यावर वाद नाही. तरी २४ दिवस या आकड्यात प्रतिभेइतकाच वाटा इतर चार-पाच गोष्टींचा आहे आणि त्या सगळ्या मोजता येण्यासारख्या आहेत. कागदपत्रे टिकून आहेत, तारखा रचनाकाराने स्वतःच्या हाताने घातल्या आहेत, आणि शब्द पुरवणाऱ्या गृहस्थाची पत्रेही उपलब्ध आहेत. चाल लावणे आणि ती वाद्यांवर मांडणे या दोन कामांना वेगवेगळा किती वेळ लागला, हे इतक्या जुन्या काळातले क्वचितच कळते. इथे ते बऱ्याच अंशी कळते.

तारखा काय सांगतात

हँडेलचे मूळ हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पाने २५९. त्यावर तारखा घालताना तो वार अक्षरांत न लिहिता ग्रहाच्या खुणेने दाखवतो: शनिवारसाठी शनी, रविवारसाठी सूर्य, शुक्रवारसाठी शुक्र. इंग्रज वाचकाला याची फोड करून सांगावी लागते, आपल्याला नाही.

सुरुवात २२ ऑगस्ट १७४१, शनिवार. पहिला भाग संपला २८ ऑगस्टला, शुक्रवारी. दुसरा भाग, ज्याच्या शेवटी ‘हॅलेलुया’ हे वृंदगीत येते, तो ६ सप्टेंबरला, रविवारी. तिसरा १२ सप्टेंबरला, शनिवारी. त्यापुढे जर्मनमध्ये एक छोटी नोंद आहे: याच महिन्याच्या १४ तारखेला ‘भरून’ झाले.

म्हणजे पहिल्या भागाला सात दिवस, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला सहा, आणि भरणीला दोन. बेरीज २४. आकडा खरा आहे, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

मात्र दाखला देणारा माणूस ही बेरीजच तेवढी लक्षात ठेवतो. माझ्या दृष्टीने खरी मौल्यवान आहे ती शेवटची नोंद, कारण ‘रचून झाले’ आणि ‘भरून झाले’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे ती स्वतः रचनाकाराच्या हाताने सांगते. २२ दिवस एका कामाचे आणि दोन दिवस दुसऱ्याचे. वाद्यमेळाला फक्त दोन दिवस? इथे थांबून विचार करायला हवा.

२२ ऑगस्टच्या आधी

आधी पहिल्या २२ दिवसांकडे पाहू. हँडेल त्या शनिवारी लंडनच्या ब्रूक स्ट्रीटवरच्या घरात कोऱ्या मनाने बसला नव्हता.

शब्द तयार होते. चार्ल्स जेनेन्स या श्रीमंत, चोखंदळ आणि काहीशा तिरसट जमीनदाराने बायबलमधली वचने निवडून, जुळवून त्यांची तीन भागांची संहिता केली होती. १० जुलै १७४१ रोजी एडवर्ड होल्ड्सवर्थ या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की हँडेल पुढच्या हिवाळ्यात काही करणार नाही म्हणतो आहे, पण आपण त्याला ही नवी संहिता घ्यायला लावू अशी आशा आहे. आपल्याकडे गीतकाराची वाट पाहण्यात संगीतकाराचे आठवडे जातात, अंतऱ्याच्या दोन ओळींसाठी सिटिंग पुढे ढकलली जाते. त्यातले काहीच इथे नव्हते. जेनेन्सने शब्द निवडायला किती काळ घेतला तो २४ दिवसांत धरलेला नाही.

वेळही मोकळा होता. त्याच वर्षी जानेवारीत रंगभूमीवर आलेला ‘डाइडामिया’ हा हँडेलचा ऑपेरा तीन प्रयोगांत आटोपला. त्यानंतर त्याने ऑपेरा लिहिला नाही. उन्हाळ्यात ना तालमी होत्या, ना गायकांची भांडणे, ना थिएटरचे भाडे. ५६ वर्षांचा, चार दशके याच धंद्यात मुरलेला माणूस सकाळी बसतो आणि रात्रीपर्यंत लिहितो, मधे कुणी येत नाही. अशी सलग तीन आठवड्यांची शांतता आज ज्याला मिळते त्याने देवाचे आभार मानावेत.

तिसरी गोष्ट जास्त रंजक. जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे ‘मसायाह’च्या सात-आठ आठवडे आधी, हँडेलने दोन इटालियन युगुलगीते लिहिली होती. एकावर १ जुलैची तारीख आहे, दुसऱ्यावर ३ जुलैची. दोन आवाज आणि साथीला बास (सर्वांत खालच्या स्वरांची ओळ), एवढाच पसारा. विषय प्रेमाचा, लटक्या रागाचा. या दोन गीतांतल्या सुरावटी उचलून त्याने ‘मसायाह’मधली चार वृंदगीते उभी केली: ‘अँड ही शॅल प्युरिफाय’, ‘फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न’, ‘हिज योक इज इझी’ आणि ‘ऑल वी लाइक शीप’. तिसऱ्या भागातले एक युगुलगीत तर त्याहून सुमारे दोन दशके जुन्या इटालियन गीतावर बेतलेले आहे.

याचा एक पुरावा ऐकतानाच सापडतो. ‘फॉर अन्टू अस’मध्ये ‘फॉर’ या बिनमहत्त्वाच्या शब्दावर नको तेवढा जोर पडतो. इंग्रजी बोलणारा तिथे थांबणार नाही. पण मूळ इटालियन गीताची सुरुवात ‘नो’ या ठसक्यात म्हणायच्या नकाराने होते: नाही, तुझ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. जोर त्या नकाराचा होता. शब्द बदलले तरी तो तसाच राहिला.

ही चोरी नाही आणि आळसही नाही. जुन्या मराठी संगीत नाटकांची छापील पुस्तके उघडली की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचे तोंड दिलेले दिसते. तयार चालीवर नवे शब्द बसवणे आपल्या रंगभूमीला कधी कमीपणाचे वाटले नाही. हँडेलच्या काळातही स्वतःच्या (आणि कधी इतरांच्याही) सुरावटी पुन्हा वापरणे रिवाजाचे होते. शिवाय दोन आवाजांचे गीत चार आवाजांच्या वृंदात फुलवायचे, त्याला भव्य शेवट द्यायचा, यातही कौशल्य लागतेच. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे. त्या चार गीतांचे बीज शोधण्याचा वेळ जुलैच्या खात्यावर पडतो, ऑगस्टच्या नाही.

एक प्रसिद्ध आख्यायिकाही आहे: नोकर जेवण घेऊन आला तेव्हा हँडेल डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की मला प्रत्यक्ष स्वर्ग दिसला, वगैरे. त्या काळच्या कागदांत तिला आधार नाही. ती खरी असती तरी तिचा वेगाशी संबंध नसता. त्याच हँडेलने १७३९ साली बारा मोठे कॉन्चेर्तो (नुसत्या वाद्यांसाठीच्या रचना) २९ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर एवढ्या अवधीत लिहिले, आणि तेव्हा कुणाला स्वर्ग दिसल्याचे ऐकिवात नाही. हा त्याचा नेहमीचा झपाटा होता.

दोन दिवसांचा वाद्यमेळ

आता भरणी.

हँडेल लिहीत कसा असे? आधी सांगाडा: गाणाऱ्याची ओळ शब्दांसह, खाली बास, आणि वर पहिल्या व्हायोलिनची ओळ जिथे ती गाण्याशी बोलते तिथे. हे तीन धागे पक्के झाले की गीत उभे राहिले. मधल्या ओळी, म्हणजे दुसरे व्हायोलिन, व्हायोला, वृंदाला दुजोरा देणारी तंतुवाद्ये, नंतर भरायच्या. ‘भरून झाले’ या नोंदीचा रोख तिकडे आहे.

ही भरणी दोन दिवसांत का आटोपली हे कळायला हस्तलिखितातला वाद्यसंच पाहावा. तंतुवाद्ये, बाससोबत हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य) किंवा ऑर्गन, दोन ट्रम्पेट आणि नगाऱ्यांची जोडी. संपले. बासरी नाही, हॉर्न नाही, ट्रॉम्बोन नाही. ओबो हे सनईच्या जातीचे वाद्यसुद्धा मूळ लिखाणात नाही. ट्रम्पेट संपूर्ण कृतीत मोजक्या जागी येतात: देवदूतांच्या ‘ग्लोरी टू गॉड’मध्ये (तिथेही ‘दुरून आणि जरा हळू’ अशी सूचना आहे), ‘हॅलेलुया’त, ‘द ट्रम्पेट शॅल साउंड’मध्ये आणि अखेरच्या वृंदगीतात. नगारे तर फक्त ‘हॅलेलुया’ आणि शेवट, एवढ्यापुरतेच. अडीच तास बसून राहणाऱ्या नगारावादकाची मला नेहमी दया येते.

एकल गीतांची स्थिती आणखी साधी. ‘आय नो दॅट माय रिडीमर लिव्हेथ’ या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीच्या गीतात पानावर तीनच ओळी: सगळी व्हायोलिने एकस्वरात, गायिका, आणि बास. सांगाडा हाच पूर्ण वाद्यमेळ. भरायला काही उरतच नाही. अशी गीते एक-दोन नाहीत, बरीच आहेत.

मधल्या स्वरमेळाचे काय? तो हार्पसिकॉर्डवाला वाजवतो, आणि तो लिहावा लागत नाही. बासच्या स्वराखाली आकडे असतात, ६ किंवा ७ असे. त्यावरून कोणते स्वर जोडायचे ते वादकाला कळते, कसे पसरायचे ते त्याचे तोच ठरवतो. आपल्याकडे बंदिशीवर ‘त्रिताल’ लिहिले की तबलजीला सोळा मात्रांचे बोल कुणी लिहून देत नाही. लिखाणाचा एक मोठा हिस्सा अशा रीतीने रचनाकाराच्या डोक्यावरून उतरून वादकाच्या हातात जातो. आणि वृंदगीतांत तंतुवाद्ये पुष्कळदा गाणाऱ्यांच्याच ओळी वाजवतात: सोप्रानोबरोबर (सर्वांत उंच आवाज) हे, आल्टोबरोबर (त्याच्या खालचा) ते. नवी कल्पना लढवायची नसते.

आता आकडे मांडून पाहा. सुमारे १४० मिनिटांचे संगीत, २४ दिवस: दिवसाला सहा मिनिटांच्या आसपास. पाने रोजची दहा-अकरा. आजच्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात मोठ्या वाद्यवृंदासाठी दिवसाला दोनेक मिनिटांचे संगीत लिहून झाले तर रचनाकार समाधानी असतो. हँडेल तिप्पट वेगवान वाटतो. पण पान उघडा. आजच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या पानावर बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून (खर्जातले एक फुंकवाद्य), चार हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, नगारे, इतर तालवाद्ये, हार्प आणि पाच तंतुओळी मिळून सहज २५ ओळी होतात. हँडेलच्या त्या गीतात तीन. एका मात्रेमागे भरायची घरे आठपट. शिवाय आज प्रत्येक ओळीवर आवाजाची पातळी, गजाची दिशा, कुठे तोडायचे आणि कुठे जोडायचे, हे सगळे लिहावे लागते, कारण रेकॉर्डिंगला येणारा वादक ते संगीत पहिल्यांदाच पाहत असतो आणि दुसऱ्या टेकला त्याने चोख वाजवावे अशी अपेक्षा असते. हँडेलच्या हस्तलिखितात अशा खुणा तुरळक आहेत. त्याचे वादक त्याच शैलीत वाढले होते, आणि वाजवताना तो स्वतः समोर बसलेला असायचा.

म्हणून ‘किती मिनिटांचे संगीत’ हे माप मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. किती ओळींचे पान आहे, हे आधी विचारावे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही दोन कामे दोन माणसांकडे वाटली गेली, आणि त्यामुळे वेळेचा फरक डोळ्यांना दिसायचा. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. ती कागदावर उतरवून, तिच्यामागे चालणाऱ्या सुरावटी आणि दोन अंतऱ्यांमधले तुकडे रचून, प्रत्येक वादकाचा पार्ट लिहायचा तो अरेंजर. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावे. दोघेही गोव्याच्या मातीतले. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई, आणि मुंबईच्या स्टुडिओंना नेमके ते कौशल्य हवे होते. मुखडा अर्ध्या तासात सुचू शकतो. साठ वादकांचे कागद अर्ध्या तासात लिहून होत नाहीत. पडद्यावर नाव मात्र पहिल्याचे ठळक यायचे आणि दुसऱ्याचे कित्येकदा यायचेच नाही. ‘संगीताला वेळ किती लागतो’ याबद्दल आपल्याकडे जो गैरसमज आहे, त्याचे मूळ मला या श्रेयनामावलीत दिसते. ज्या कामाला नाव नाही, त्याला वेळ लागतो हे लोकांना सुचणार कसे?

१४ सप्टेंबर नंतर

दाखला देणाऱ्यांच्या लेखी १४ सप्टेंबरला काम संपले. हँडेलच्या लेखी नाही.

महिना संपायच्या आत तो पुढच्या ऑरेटोरिओला, ‘सॅमसन’ला भिडला आणि २९ ऑक्टोबरला त्याचा पहिला खर्डा पुरा केला. १८ नोव्हेंबरला तो डब्लिनला पोहोचला. इकडे ‘मसायाह’ची स्वच्छ प्रत त्याचा जुना लेखनिक जॉन ख्रिस्टोफर स्मिथ याने काढली. हँडेलचे अक्षर घाईचे, खाडाखोडीचे. त्यावरून कुणी गाऊ-वाजवू शकणार नव्हते. ही प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि तिच्यावर हँडेलने प्रयोगागणिक बदललेल्या गायकांची नावे लिहून ठेवली आहेत. तिच्यावरून मग प्रत्येक गायकाचे, प्रत्येक वादकाचे सुटे कागद. ही नकलेची मजुरीही २४ दिवसांत नाही.

पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी, डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या नव्या संगीतगृहात, भर दुपारी बाराला. म्हणजे भरणी झाल्यावर सात महिन्यांनी. सुमारे ७०० माणसे दाटीवाटीने बसावीत म्हणून स्त्रियांनी घेरदार सांगाड्याचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात अशी जाहीर विनंती केलेली होती. उत्पन्न धर्मादायाला गेले. १४२ कर्जबाजारी कैदी त्यातून सुटले. प्रयोग गाजला, त्याचे वर्णन इतरत्र भरपूर मिळते.

आपल्या कामाचा मुद्दा असा की डब्लिनमध्ये जे गायले गेले ते लंडनमध्ये लिहिलेलेच्या लिहिलेले नव्हते. हाताशी असलेले गायक पाहून हँडेलने काही गीतांची पट्टी बदलली, काही दुसऱ्या आवाजाकडे दिली, काही आखडली. सुझॅना सिबर ही मुळात नटी, आवाजाचा पल्ला बेताचा पण भाव विलक्षण. तिच्यासाठी जागा करून देण्यात आल्या. ‘बट हू मे अबाइड’ हे गीत मुळात खर्जातल्या पुरुष आवाजासाठी होते. डब्लिनला त्याऐवजी एक साधे पठण आले. आणि १७५० मध्ये गेतानो ग्वादान्यी हा इटालियन गायक मिळाल्यावर हँडेलने ते नव्याने लिहिले, मधे तो ज्वाळांसारखा सुसाट भाग घालून. आज बहुतेक ठिकाणी हेच रूप गायले जाते. श्रोता ज्या जागेला दाद देतो ती त्या २४ दिवसांतली नाहीच, नऊ वर्षांनंतरची आहे.

‘रिजॉइस ग्रेटली’ आधी डुलत्या बारा-अष्टमांश लयीत होते, लांबही होते. पुढे ते आटोपशीर झाले आणि चार मात्रांच्या चपळ चालीत आले. ‘देअर साउंड इज गॉन आउट’ या वचनाची तर तीन रूपे: १७४१ मध्ये ते दुसऱ्या एका गीताचा मधला भाग होते, १७४३ मध्ये टेनरचे (पुरुषाच्या उंच आवाजाचे) स्वतंत्र छोटे गीत झाले, १७४५ मध्ये वृंदगीत. हे लहानसहान दुरुस्त्यांचे काम नाही. चाल लावण्याचेच काम आहे, हप्त्याहप्त्याने केलेले.

वाद्यमेळाचेही तेच. मूळ हस्तलिखितात नसलेले ओबो आणि बसून लंडनच्या प्रयोगांत आले. फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या संस्थेसाठी हँडेल १७५० पासून दरवर्षी ‘मसायाह’ करत असे. तिथल्या १७५४ च्या हिशेबात वादकांचे पैसे दिल्याची नोंद आहे, आणि त्यात चार ओबो, चार बसून आणि दोन हॉर्नसुद्धा आहेत. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने या संस्थेला कृतीची एक स्वच्छ प्रत आणि सगळे सुटे पार्ट द्यायला सांगितले; त्या पार्टांत ओबो-बसूनचे कागद आहेत. मग वाद्यमेळ पुरा झाला कधी? १४ सप्टेंबर १७४१ हे उत्तर मला पटत नाही.

जेनेन्सची तक्रार

या प्रकरणात एक पक्ष असा आहे की ज्याला २४ दिवसांचे कौतुक अजिबात नव्हते. शब्द ज्याचे, तो जेनेन्स. आधी त्याला कळले की हँडेल आपली कृती लंडनला न करता आयर्लंडला घेऊन गेला, तो हिरमुसला. मग जानेवारी १७४३ मध्ये त्याने होल्ड्सवर्थला लिहिले की ‘मसायाह’ने माझी निराशा केली, फार घाईने लावले आहे, वास्तविक हँडेल म्हणाला होता की याला मी एक वर्ष देईन आणि माझी सर्वोत्तम कृती करीन. यापुढे याच्या हाती पवित्र विषय देणार नाही, असेही तो चिडून म्हणतो. नंतर सुरुवातीच्या वाद्यखंडातल्या काही जागा हँडेलला न शोभणाऱ्या आणि ‘मसायाह’ला त्याहून न शोभणाऱ्या आहेत, असा शेरा त्याने मारलाच.

अभ्यासकांनी जेनेन्सची पुष्कळ टिंगल केली. आढ्यतेखोर तो होताच. पण मला त्याचे म्हणणे सरसकट चुकीचे वाटत नाही. ‘फॉर’वरचा तो आडवा जोर त्याच्यासारख्या इंग्रजी कानाला खुपला असणार. चिकाटीने मागे लागून काही दोष हँडेलकडून दुरुस्त करून घेतल्याचे तो लिहितो, आणि हँडेल वर्षानुवर्षे बदल करत राहिला हे तर कागदच सांगतात. एका वर्षाचा जो शब्द त्याने दिला होता, तो एका अर्थी त्याने पाळलाच. वर्ष सलग नव्हते, दहा-बारा हंगामांत वाटलेले होते. ग्राहकाला सांगितलेली मुदत आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांचे असे नाते या धंद्यात आजही ओळखीचे आहे.

याच हाताचा मंद वेगही नोंदलेला आहे. ‘जेफ्था’ हे हँडेलचे अखेरचे मोठे ऑरेटोरिओ. सुरुवात २१ जानेवारी १७५१. पहिला अंक नेहमीच्या झपाट्याने फेब्रुवारीच्या आरंभी झाला. १३ फेब्रुवारीला पानावर जर्मनमध्ये नोंद: डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्याने पुढे जाता आले नाही. दहा दिवसांनी, आपल्या सहासष्टाव्या वाढदिवशी, थोडे बरे वाटून पुन्हा आरंभ. मग खंड, पुन्हा आरंभ. शेवट ३० ऑगस्टला. सात महिन्यांहून अधिक. शैली तीच, वाद्यसंच त्याच घराण्यातला, अनुभव दहा वर्षांनी वाढलेला. फरक डोळ्याचा. मुदतीचा अंदाज करताना प्रतिभेचा गुणाकार सगळे करतात. मानेचा, पाठीचा आणि डोळ्याचा भागाकार कुणी धरत नाही.

चाल तयार, फक्त वाद्यमेळ हवा

हँडेल १७५९ मध्ये गेला. त्यानंतर तीस वर्षांनी या प्रकरणात एक असा प्रयोग झाला की जणू आपल्या प्रश्नासाठीच कुणी घडवून आणला. व्हिएन्नात बॅरन गॉटफ्रीड फान स्वीटन यांनी मोझार्टकडे ‘मसायाह’ सोपवले: जर्मन शब्दांवर, त्या काळच्या वाद्यवृंदासाठी. चाल लावायची नाही, नुसते संयोजन.

यातली कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. नकलनविसांनी छापील इंग्रजी आवृत्तीवरून गाण्याच्या आणि तंतुवाद्यांच्या ओळी उतरवून घेतल्या आणि फुंकवाद्यांच्या ओळी कोऱ्या ठेवल्या. मोझार्टने त्या कोऱ्या ओळी भरल्या: बासऱ्या, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रॉम्बोन. एका प्रतिभावंताचा वेळ जिथे खरोखर लागणार होता तेवढ्याच ओळी त्याच्यापुढे ठेवल्या गेल्या. प्रयोग ६ मार्च १७८९ रोजी झाला. ‘द पीपल दॅट वॉक्ड इन डार्कनेस’मध्ये हँडेलने तंतुवाद्ये गायकाबरोबर जवळपास एकाच ओळीत अंधारात चाचपडत चालवली होती. मोझार्टने त्या उघड्या ओळीभोवती फुंकवाद्यांचे हळवे, तिरकस स्वरमेळ गुंफले. फार सुंदर आहेत, आणि माझ्या कानाला ते हँडेल राहत नाही. पण हा आवडीचा भाग झाला.

‘द ट्रम्पेट शॅल साउंड’पाशी मात्र मोझार्टला वेगळीच अडचण आली. हँडेलने तो ट्रम्पेट उंच स्वरांत नाचवला आहे, आणि तो तसा वाजवणारे वादक मोझार्टच्या काळापर्यंत दुर्मीळ झाले होते. ती विद्याच मागे पडली होती. हँडेलने जे गृहीत धरले होते ते मोझार्टला धरता येईना. त्याने ट्रम्पेटचे काम कमी केले, त्यातले बरेच हॉर्नकडे वळवले आणि गीत आखडून घेतले. एकच चाल, तेच गीत. पण हँडेलला तिथे एक ओळ लिहून पुरली होती, आणि मोझार्टला आधी आपल्या गावात ती ओळ वाजवील असा कोण आहे हे पाहावे लागले.